बाळ आत, आई बाहेर

अमरावतीत ‘डफरीन’ म्हटले की रिक्षावाला पुढचे काही विचारत नाही. कागदावर ते जिल्हा स्त्री रुग्णालय आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या तोंडी बसलेले नाव हेच. अकोल्यातल्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला तसेच ‘लेडी हार्डिंग’ म्हणतात. दोन्ही नावे इंग्रज व्हाइसरॉयांच्या बायकांची. लेडी डफरीन यांनी १८८५ साली जो निधी उभा केला, तो हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून. पडद्यातली बाई तेव्हा पुरुष डॉक्टरपुढे येत नसे, आणि न येताच पुष्कळदा मरून जाई. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या दाद्या-नान्यांची बाळंतपणे अशाच दवाखान्यांत झाली आहेत.

आता जिल्ह्याच्या दवाखान्यांत आजारी नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष असतो. सरकारी बोलीत ‘एसएनसीयू’, खासगी दवाखान्यात ‘एनआयसीयू’, आणि आपल्या घरांत फक्त ‘काच’. “बच्चे को काच में रखा है,” एवढे वाक्य फोनवर आले की घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. खरे तर पुष्कळदा बाळ काचेच्या पेटीत नसतेच. वरून ऊब देणाऱ्या उघड्या वॉर्मरवर असते, किंवा काविळीसाठी निळ्या प्रकाशाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवलेले असते. कोणी दिवस भरायच्या आधी आलेले, कोणी दीड किलोचे, कोणी जन्मल्यावर वेळेवर न रडलेले. हातापायाला पट्टी, तिच्यावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव. त्या खोलीत बाळाला स्वतःचे नाव नसते, बापाचेही नसते, आईच्या नावानेच ते ओळखले जाते.

आणि ती आई असते बाहेर. किंवा वरच्या मजल्यावर सिझेरियनच्या टाक्यांनिशी आडवी. किंवा दुसऱ्याच गावात.

हा शेवटचा प्रकार आपल्या वऱ्हाडात फार आहे. बाळंतपण मूर्तिजापूर, बाळापूर, अचलपूर, कारंजा अशा तालुक्याच्या गावी होते. बाळाला श्वासाचा त्रास दिसला की त्याला अकोल्याला किंवा अमरावतीला पाठवतात, फारच नाजूक असले तर नागपूरला. आईच्या पोटाला टाके असतात, तिला लगेच हलवता येत नाही. मग बाळाबरोबर अब्बा जातात, एखादी फुफी जाते, आणि आई रिकाम्या कुशीने खाटेवर पडून राहते. अमरावती-अकोला रस्त्याचा ७५ किलोमीटरचा तुकडा जून २०२२ मध्ये १०५ तास आणि ३३ मिनिटांत डांबरी करून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी त्या रस्त्याने ज्यांनी बाळंतिणी नेल्या त्यांना विचारा, विक्रमाचा आनंद कसला असतो ते. आता रस्ता चांगला आहे, मान्य. पण धारणीहून अमरावती अजूनही घाटाची वाट आहे, दीडशे किलोमीटरच्या आसपास. मेळघाटातल्या कोरकू आईला रोज ये-जा करून बाळ बघणे शक्यच नाही.

अशा आईला बाळ दिसावे कसे, या प्रश्नावर दुसऱ्या देशांत कॅमेऱ्याचे उत्तर काढले गेले. अमेरिकेत बोस्टनच्या एका रुग्णालयात १९९० च्या दशकाच्या अखेरीस दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांच्या घरी संगणक आणि व्हिडिओची सोय करून पाहिली. ‘बेबी केअरलिंक’ असे त्या कामाचे नाव. पुढे आर्कान्सा नावाच्या खेडवळ राज्यात, लिटल रॉकच्या वैद्यकीय विद्यापीठाने बाळाच्या पाळण्यावर छोटे कॅमेरे बसवले, कारण तिथल्याही आया शेकडो किलोमीटर दूर राहत. आई-बापांना एक पासवर्ड मिळतो. तो टाकला की फोनवर आपले बाळ दिसते. सुई टोचायची असली, नळी बदलायची असली की सिस्टर तेवढा वेळ कॅमेरा बंद करते. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या मुलांच्या दवाखान्यात आणखी साधी पद्धत सुरू झाली. सिस्टर दिवसातून लहानसा व्हिडिओ काढते आणि तो फक्त त्या आई-बापांनाच दिसेल असा पाठवते. “आज मी दोन मिली जास्त दूध प्यायलो,” असा बाळाच्या तोंडी घातलेला मजकूरही त्याबरोबर असतो म्हणे. कोरोनाच्या काळात, जेव्हा बापांना दवाखान्याची दारेच बंद झाली, तेव्हा जगभर अशा सोयींवर लोक तरले.

आपल्याकडे अशी खास व्यवस्था सर्रास नाही. आपल्याकडे आहे ते व्हॉट्सअ‍ॅप. एखादी दयाळू सिस्टर स्वतःच्या किंवा बापाच्या फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून देते. नियमात ते बसते की नाही, देव जाणे. पण त्या अर्ध्या मिनिटाची किंमत मी पाहिली आहे.

माझ्या नात्यातल्या एका मुलीचे बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झाले. खासगी दवाखाना होता, नाव कशाला घ्या. बाळ तिथल्या एनआयसीयूत, मुलगी दुसऱ्या दवाखान्यात. तिच्या नवऱ्याला सिस्टरने एक व्हिडिओ दिला. त्याने तो विश्वासाने घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात तो चुलत, मावस, आत्ते अशा साठ लोकांच्या फोनमध्ये होता. कोणी लिहिले, “माशाअल्लाह”. कोणी लिहिले, “किती बारीक आहे गं.” एका खालाने, प्रेमानेच, विचारले, “नाकात नळी का घातली? मशीनवर आहे का?” मुलगी दुपारी औषधाने झोपली होती. उठल्यावर तिने फोन उघडला. आपले बाळ मशीनवर आहे हे तिला डॉक्टरांनी सांगितले नाही, नवऱ्याने सांगितले नाही. साठ लोकांच्या गप्पांतून तिला कळले. डॉक्टर संध्याकाळी समजावायला आले, तोवर तिने रडून टाके दुखवून घेतले होते. ते मशीन फक्त श्वासाला हलका दाब देणारे होते, चार दिवसांनी निघालेही. पण ते सांगणारे माणूस व्हिडिओबरोबर नव्हते.

माझे म्हणणे इथेच आहे. चित्र एकटे पाठवू नये. नळी कशाची, वायर कशाची, बाळ हात असे का झटकते, हे कोणीतरी बोलून सांगितले पाहिजे. वजन कमी असलेल्या बाळाचे पोट श्वासाबरोबर खूप खालीवर होते, झोपेत ते मध्येच दचकते. आईने पहिल्यांदाच हे पडद्यावर पाहिले तर तिला वाटते, बाळाला झटका आला. म्हणून दवाखान्याला विचारायचे असेल तर आधी हे विचारा की दिवसातून एकदा डॉक्टर आईशी फोनवर बोलतील का. कॅमेरा त्यानंतर.

आणि ग्रुप. बाळाचा व्हिडिओ ज्याच्या हाती आला त्याने तो आई-बापांपुरताच ठेवावा. आपल्या घरांत नजर लागण्याची भीती असते. नजरेचे राहू द्या, पण त्या चौकटीत शेजारच्या वॉर्मरवरचे बाळ असते, त्याची पट्टी वाचता येते, मागे कोणी आई दूध पाजत असते. तिला कोणी विचारलेले नसते. दवाखान्यांनी कॅमेरे बसवले तर ते फक्त आपल्याच बाळाच्या तोंडावर रोखलेले हवेत, आणि ज्या वेळी आया आत येऊन छातीशी बाळ घेतात त्या वेळी बंद हवेत. पडदा पाळणाऱ्या आपल्या बहिणींसाठी ही अट आहेच. पण बुरखा न घेणारी कुठलीही बाई हीच अट घालेल. ज्या बाईला कॅमेऱ्याची भीती वाटते ती कक्षात जाणेच टाळील, आणि मग कॅमेऱ्याने बाळाचे भले होण्याऐवजी नुकसान होईल.

आता एक अवघड गोष्ट. फोन कोणाच्या हातात आहे?

शाळेत मुलांच्या अभ्यासाचे ग्रुप करताना मला हे दरवर्षी दिसते. ‘आईचा नंबर’ या रकान्यात वडिलांचा नंबर असतो, मोठ्या भावाचा असतो, कधी शेजारच्या दुकानाचा असतो. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो सकाळी बाहेर जातो. उद्या दवाखान्याने पासवर्ड दिला तर तो कोणाच्या नंबरवर येईल? ज्याच्या छातीत दूध नाही त्याच्या. आई संध्याकाळपर्यंत वाट बघेल की हे घरी येतील आणि दाखवतील. मला वाटते, ज्या घरात बाळ काचेत आहे त्या घरात तेवढे पंधरा-वीस दिवस फोन बाळंतिणीच्या उशाशी राहिला पाहिजे. कामाला जाणाऱ्याने साधा बटनाचा फोन न्यावा. सासूबाईंना हे चालत नसेल तर नणंदेने समजवावे. नणंदा अशा कामाला फार उपयोगी पडतात, मी स्वतः नणंद आहे म्हणून सांगते.

हे केवळ मायेपोटी म्हणत नाही. आईला बाळ दिसले, त्याचा आवाज आला, त्याच्या अंगावरच्या दुपट्याचा वास आला की दूध उतरते. ती शरीराची रीत आहे. बाळ दूर असेल तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने किंवा पंपाने दूध काढावे लागते. नाहीतर आठवड्याभरात आटते, आणि बाळ घरी आल्यावर “हिला दूधच नाही” म्हणून बाटली येते. दूध काढताना समोर बाळाचा फोटो किंवा व्हिडिओ ठेवा, बाळाला गुंडाळलेले कापड मागवून जवळ ठेवा, असे सिस्टर सांगतात ते याचसाठी. आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मानवी दुधाची बँक सुरू केली, आशियातली ती पहिली मानली जाते. अशा बँकांनी पुष्कळ बाळे वाचली. पण दुसरीचे दूध म्हटले की आपल्याकडे रजाअतचा, दूधनात्याचा प्रश्न निघतो आणि घरचे घाबरतात. त्यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत, तो सवडीने लिहायचा विषय आहे. आईचेच दूध टिकले तर हा प्रश्न घरात उभाच राहत नाही, एवढे आज पुरे.

पण कॅमेऱ्याची एवढी बाजू घेतल्यावर मला उलटेही सांगायचे आहे. आई त्याच गावात असेल, चालू शकत असेल, तर कॅमेरा नको. आईच हवी.

२०२१ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया अशा पाच देशांत तो झाला, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आत वजन असलेली तीन हजारांवर बाळे त्यात होती. निम्म्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवले, आई आजारी बाळांच्या कक्षातच राहिली. दुसऱ्या निम्म्यांना नेहमीप्रमाणे आधी वॉर्मरवर ठेवून, तब्येत स्थिरावल्यावर छातीशी दिले. पहिल्या २८ दिवसांत पहिल्या गटात शंभरातली १२ बाळे दगावली, दुसऱ्या गटात शंभरातली जवळजवळ १६. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवावा लागला. बाळांना आईपासून दूर ठेवत राहणे योग्य नव्हते. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉक्टरांनी ती सुरू केली, ती मुळात पेट्या कमी पडत होत्या म्हणून.

आपल्या सरकारनेही हे मानले आहे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आई-बापांना आत घेऊन, हात कसे धुवायचे, बाळ कसे धरायचे, दूध कसे द्यायचे, धोक्याची लक्षणे कोणती, हे शिकवून पाहिले. त्यांच्या येण्याने बाळांना जंतुसंसर्ग वाढला नाही, असे दिसले. त्यावरून २०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने कुटुंबाच्या सहभागाने नवजात काळजी कशी घ्यायची याच्या सूचना सगळ्या राज्यांना दिल्या. म्हणजे सरकारी कक्षाच्या दारात तुम्हाला कोणी “बाहेर थांबा” म्हणाले तर नम्रपणे विचारता येते की आम्हाला आत येण्याचे प्रशिक्षण कधी मिळेल. भांडायचे नाही. सिस्टर एका पाळीत किती बाळे सांभाळते ते आधी मोजा. तीन-चार बाळांमागे एक हा निकष आहे. प्रत्यक्षात किती असतात ते दाराशी उभे राहिल्यावर दिसते. तुम्ही शिकून आत गेलात तर तिचेच काम हलके होईल.

आणि बापही बाळ छातीशी घेऊ शकतो. आपल्या पुरुषांना यात संकोच वाटतो, शर्ट काढून खुर्चीत बसायचे, समोर सिस्टर. पडदा ओढून घ्यावा. एका बापाने मला सांगितले, पहिली दहा मिनिटे तो श्वास रोखूनच बसला होता, बाळाला धक्का लागेल म्हणून.

इथे आपल्याच घरातली एक अडचण येते, ती चिल्ल्याची. बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही, वारा लागतो, सावली पडते. मग बाळ डफरीनला आणि आई मोहल्ल्यात, पायी वीस मिनिटांवर, अशी वेळ येते. निफासच्या दिवसांत बाईला नमाज आणि रोजा माफ आहे. आपल्या लेकराला दूध पाजणे माफ असल्याचे मी तरी कुठे वाचलेले नाही. डोक्याला रुमाल बांधा, रिक्षा करा, आणि तिला घेऊन जा. ज्यांना भीती वाटते त्यांनी रिक्षात सोबत बसावे.

कॅमेऱ्याबद्दल बोलताना पुष्कळजण भंडाऱ्याचे नाव घेतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत आग लागली आणि १० बाळे गेली. ७ बाळांना बाहेर काढता आले. त्या रात्री आयांपैकी कोणी आत नव्हते. तेव्हापासून लोक म्हणतात, कॅमेरे हवेत, म्हणजे आम्हाला घरून लक्ष ठेवता येईल. ही मागणी मला पटत नाही. दुःख समजते, तर्क पटत नाही. धारणीच्या बापाने रात्री दीड वाजता फोनवर धूर पाहिला तर तो काय करणार? राखण करायला जागी सिस्टर हवी, तपासलेली वायरिंग हवी, चालणारे अग्निशामक हवे, आणि बाहेर पडायला मोकळे दार हवे. यांची मागणी कॅमेऱ्याच्या मागणीत बुडून जाऊ नये. आई-बापांना दिलेला कॅमेरा भेटीसाठी असतो. पहाऱ्याचे काम त्याच्यावर टाकले की दवाखाना म्हणेल, तुम्हीच बघत होतात ना! शिवाय सिस्टरवर सतत कोणाचा तरी डोळा आहे असे वाटले तर ती बाळाकडे कमी आणि कॅमेऱ्याकडे जास्त बघेल. वर्गात अधिकारी येऊन बसले की आम्ही शिक्षक कसे शिकवतो, ते आमचे आम्हाला माहीत आहे.

राहिली अजानची गोष्ट. बाळ काचेत गेले की घरातल्या थोरांना पहिली काळजी तीच. कानात अजान पडली नाही, आता काय? मग कोणी सिस्टरच्या मागे लागतो की फोन स्पीकरवर लावून बाळाच्या कानाशी धरा. बाळांच्या कक्षात मोठा आवाज मुळीच चांगला नाही, आणि बाहेरून आलेला फोन बाळाच्या तोंडाशी धरणे म्हणजे सगळ्यांच्या हातांचे जंतू त्याच्यापर्यंत नेणे. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना मी विचारले. ते म्हणाले, बाळ हाती आल्यावर द्या, उशिराने काही बिघडत नाही, बाळाचा जीव आधी. तहनीकचेही तसेच. खजूर, शहद, जनमघुट्टी यांतले काहीही काचेतल्या बाळाच्या जिभेला लावायला चोरून नेऊ नका. शहद तर वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला देऊ नये, त्यातून अंग लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. अकीका सातव्या दिवशी झाला नाही म्हणून रडणाऱ्या दादीजानना सांगा, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी, नाहीतर बाळ घरी आल्यावर करू.

आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील ट्रक चालवतात. तिच्या भावाचा जन्म झाला तेव्हा ते माल घेऊन तामिळनाडूत होते. बाळ दीड किलोचे. अकरा दिवस त्यांनी ते फोनवरच पाहिले. त्यांची बहीण रोज संध्याकाळी ठरल्या वेळी बाळाचा व्हिडिओ पाठवी. सिस्टरने परवानगी देताना घातलेली अट एकच होती, दुसऱ्या कोणाचे बाळ दिसता कामा नये. ते ढाब्यावर गाडी लावून पाहत. एकदा त्यांनी विचारले, “कान किधर है उसका? टोपी में दिखताच नहीं.” बहिणीने दुसऱ्या दिवशी सिस्टरला विनवून टोपी जराशी वर करून दाखवली. बाराव्या दिवशी ते आले तेव्हा बाळ आईबरोबर कांगारूच्या खोलीत होते. त्यांनी हात धुतले, घड्याळ काढून खिशात ठेवले, आणि आईच्या छातीशी असलेल्या त्या एवढ्याशा कानाजवळ वाकून अगदी हळू अजान दिली. पलीकडच्या खाटेवर चिखलदऱ्याकडची एक कोरकू बाई आपले बाळ घेऊन बसली होती. तिने विचारले काही नाही, पदर डोक्यावर ओढून घेतला, आणि ती संपेपर्यंत आपल्या बाळाला थोपटणे थांबवून बसली.